पाणी मागताना पाठमोरं बसायचं

भाऊ : वळू नकोस.

बहीण : वळले नाही. मान अवघडली म्हणून हलवली.

भाऊ : तुझी मान लहानपणापासून अशीच अवघडते. काही चोरून बघायचं असलं की.

बहीण : आणि तुझी पाठ? अजून तशीच वाकडी, की लग्न झाल्यावर सरळ झाली?

भाऊ : आता तर जास्तच वाकडी झाली. सांगतो. आधी तू रीतीनं विचार.

(शेती, मडकी, गावं या सगळ्याच्या फार आधीचा काळ. डोंगरातल्या कपारीखाली एक आटत चाललेला पाणवठा. दुरून पाणी मागायला आलेला भाऊ आणि लग्न होऊन इथल्या टोळीत आलेली बहीण उतारावर एकमेकांकडे पाठ करून बसलेत, मध्ये हातभर जागा सोडून. वर कपारीच्या तोंडाशी आत्या आहे. ती दोघांच्या बापाची बहीण आणि बहिणीची सासू. बहिणीचा लहान मुलगा आत्याच्या मांडीवर झोपलाय. दुपार.)

आत्या : काय खिदळताय गं तिथं? तो मागायला आलाय की हसवायला?

बहीण : विचारतेय, आत्या! रीतीनंच विचारतेय!

आत्या : मग आधी वाट, मग चूल, मग गेलेली माणसं. आणि मध्ये जागा ठेव. तुझं बूड मागे सरकतंय, मला इथून दिसतंय.

भाऊ : नजर चांगली आहे अजून हिची.

बहीण : नजर चांगली, घोरणं वाईट. कपारीतली वटवाघळं सोडून गेली.

भाऊ : हे जरा मोठ्यानं सांग ना तिला.

बहीण : मला इथंच राहायचंय, दादा. बरं. वाट कशी होती?

भाऊ : कोरडी.

बहीण : एवढंच?

भाऊ : आधी लव्हाळ्याच्या तळ्यावर गेलो. आईशी भेटी देणारी-घेणारी ती बाई राहते ना तिथं, जिनं आईला काळ्या चकाकत्या दगडाचं पातं दिलं होतं.

बहीण : आणि आईनं तिला मण्यांची माळ. शहामृगाच्या अंड्याची. मी घासायला बसले होते त्या मण्यांना, बोटांची सालं निघाली होती. कशी आहे ती?

भाऊ : नाही. कुणीच नाही. चूल थंड. गवताची अंथरुणं तशीच. आणि घासायच्या दगडावर अर्धे घासलेले मणी पडलेले.

बहीण : अर्धे घासून कोण उठतं? खाचेत बसलेले मणी तसे सोडले तर फुटतात.

भाऊ : तेच. कुणी उठून गेलं नसणार. मी फार आत बघितलं नाही.

बहीण : मग?

भाऊ : मग वाळूच्या टेकड्यांपलीकडे. बाबांच्या भेटीतला माणूस. त्याला आपण किती वर्षं गेरू पाठवत होतो, आठवतंय? मी असाच बसलो, भाला बाजूला ठेवून, पाठ करून. बसलो, बसलो. कुणी येऊन पाठीशी बसलंच नाही.

बहीण : कुणीच नाही? नाही म्हणायला तरी?

भाऊ : दगड आला. पाठीत.

बहीण : दादा!

भाऊ : म्हणून तर तू पाठीचं विचारलंस तेव्हा हसू आलं. बाबा म्हणायचे ना, चारी दिशांना आपली माणसं पेरून ठेवलीत, कुठंही पाणी आटलं तरी कुठून तरी प्यायला मिळेल. आता एक दिशा राहिली. तुम्ही.

बहीण : बाबा कुठं आहेत?

भाऊ : टेकाडाआड थांबलेत सगळे. बाबा चालतात अजून. खोकतात, पण चालतात.

बहीण : चूल सांग.

भाऊ : सगळे एकाच आगीभोवती मावतो.

बहीण : एकाच?

भाऊ : मावतो, आणि जागा उरते.

बहीण : …

भाऊ : आत्यानं तुला ‘नाही’ म्हणून सांगायला पाठवलंय ना?

बहीण : तुला कसं कळलं?

भाऊ : हो सांगायचं असतं तर तू बसायच्या आधीच सांगून टाकलं असतंस. तुझ्या तोंडात काही राहतं का?

बहीण : आमचंही पाणी बघ ना खाली. सकाळी गेलं की चिखलात हात घालून वाट बघत बसावं लागतं. त्यात तुमच्याकडे खोकला आहे म्हणून बातमी आली. सगळे घाबरलेत.

भाऊ : मी तुला काही म्हटलं का? पाठ करून बसायची रीत त्याचसाठी आहे. तोंड बघितलं की नाही म्हणता येत नाही.

आत्या : गेलेली माणसं विचारलीस का गं?

बहीण : विचारते, आत्या! … सांग. नावं घेऊ नकोस.

भाऊ : नावं कोण घेतंय. ऐक. तो, जो मधाच्या पोळ्यात हात घालायचा, आणि मग आपल्याला हात चाटायला द्यायचा.

बहीण : धाकटा काका.

भाऊ : त्याची मुलं.

बहीण : कुठली?

भाऊ : त्याची मुलं, म्हटलं ना.

बहीण : … पुढे.

भाऊ : तो, जो पाऊस यायच्या आधी गुडघा चोळायचा आणि म्हणायचा, बघा, येतोय. आणि कधीच यायचा नाही.

बहीण : मोठे मामा. त्यांच्यासाठी तर मी एक माळ करत होते.

भाऊ : ती, जी मणी घासताना ओठ बाहेर काढायची. दगडाला फुंकर घातल्यासारखे.

बहीण : …

भाऊ : ऐकतेयस ना?

बहीण : तशा दोघी होत्या, दादा. मावशीही ओठ काढायची. आपण दोघींची नक्कल करायचो. मावशी म्हण.

भाऊ : मावशी आहे.

बहीण : नीट सांग. मावशी म्हण ना.

भाऊ : मावशी आहे गं. टेकाडाआड बसलीय. तिनंच मला केस बांधून दिले आज.

आत्या : काय झालं? का गप्प झालात?

बहीण : आई, आत्या.

आत्या : … खाली बघ. जमिनीकडे बघ. रडायला लागलीस तर वळशील.

बहीण : वळत नाही.

भाऊ : तिला त्रास फार झाला नाही. झाला, पण फार दिवस नाही. शेवटी तुझंच बोलत होती. म्हणाली, लांब दिली तेच बरं झालं.

बहीण : मी तिच्याशी भांडून निघाले होते. एवढ्या लांब का देताय म्हणून.

भाऊ : ते ती कधीच विसरली होती. तूच तेवढं धरून बसलीस.

बहीण : आणखी कोण? आहे ना आणखी कुणीतरी. तू श्वास घेऊन थांबलायस.

भाऊ : ती, जिच्या हसण्याचा तुला राग यायचा.

बहीण : वहिनी?

भाऊ : हं.

बहीण : मला राग नव्हता रे यायचा. ती तुझ्या फालतू विनोदांना हसायची म्हणून चिडवायचे मी. तिला तर दिवस गेले होते. निरोप आला होता.

भाऊ : झालं मूल. मुलगा. मग ती गेली.

बहीण : आणि मुलगा? … तो आवाज कसला?

भाऊ : कसला?

बहीण : आत्ता आला तो.

भाऊ : माझ्या पोटातला. भूक लागलीय.

बहीण : दादा, मला पोटातला आवाज आणि पोराचा आवाज वेगळा कळतो. कुठं आहे तो? तुझ्या छातीशी बांधलायस?

भाऊ : हं.

बहीण : आणि मघापासून सांगत नाहीस! काय पाजतोस त्याला?

भाऊ : मावशी हाडातला मगज चावून बोटानं देते. शेवाळ भिजवून चोखायला देतो. रडायचा आधी. आता असा, ऐकलास तेवढाच आवाज करतो.

बहीण : थांब, थांब. बोलू नकोस.

भाऊ : काय झालं?

बहीण : काही नाही. दूध सुटलं. सगळं कातडं भिजलं पुढून. थानांना काय, रीत-बीत कळत नाही, कुणाचंही पोर कुरकुरलं की सुटतं.

भाऊ : तुझा केवढा झाला?

बहीण : चालतो. पडतो आणि चालतो. दात आलेत, चावतो मेला. तरी झोपताना लागतंच त्याला. … मी पाठवलेलं पांघरूण पोचलं का रे? पाडसाच्या कातड्याचं? त्यात बांधलायस ना याला? मऊ आहे ते.

भाऊ : पोचलं.

बहीण : मी दातांनी चावून चावून मऊ केलं होतं. जबडा सुजला होता.

भाऊ : मऊ होतं.

बहीण : होतं म्हणजे?

भाऊ : म्हणजे होतं. चांगलं होतं.

बहीण : मग आता कशात आहे तो?

भाऊ : माझ्याच कातड्यात.

बहीण : आणि ते?

भाऊ : हरवलं वाटेत.

बहीण : तू? तू दगडाचं खपलीएवढं पातं हरवत नाहीस.

भाऊ : जाळलं.

बहीण : काय?

भाऊ : जाळलं, म्हटलं. सोड ना आता. पाण्याचं बोल.

बहीण : माझ्या हातचं कातडं जाळलंस? रात्रीची एवढी थंडी असताना, आगीशी तान्हं मूल असताना? का?

भाऊ : तू ते कसं पाठवलं होतंस?

बहीण : कसं म्हणजे? सगळे पाठवतात तसं. आधी आपल्या अंगाला लावून. कोरी भेट कुणी पाठवतं का? ऊब लागल्याशिवाय दिली तर ती शिवी झाली. माझ्या बाळाभोवतीच गुंडाळून ठेवलं होतं. बाळाची ऊब बाळाला, म्हणून. किती रात्री तो त्यातच…

भाऊ : बस.

बहीण : त्यातच खोकत होता.

भाऊ : बस म्हटलं ना.

बहीण : इथं तेव्हा सगळेच खोकत होते. दोन म्हातारी गेली, बाकीचे उठलो. लहान पोरं तर लगेच उठली. मला वाटलं, बरा झाला, आता पाठवू. तुमच्याकडे आधी कोण पडलं आजारी?

भाऊ : लक्षात नाही.

बहीण : आधी कोण, दादा?

भाऊ : ती पोटावर घेऊन झोपायची ते. पोर आत असताना. म्हणायची, नणंदेची ऊब आहे. सगळ्यांना दाखवत फिरली. बायकांनी गालाला लावून बघितलं. एवढं मऊ आपल्यात कुणी केलंच नव्हतं ना.

बहीण : आईनंही?

भाऊ : आईनं सगळ्यात आधी.

बहीण : …

भाऊ : मी कुणाला बोललो नाही. कुणालाच नाही. वळू नकोस. ऐक, तू मुद्दाम केलंस का? तू तर जबडा सुजवून घेतलास.

बहीण : आत्या! खाली ये!

आत्या : ओरडू नकोस, पोर झोपलंय.

बहीण : आत्या, यांना पाणी दे! यांच्या खोकल्यानं आपल्याला काही होणार नाही. तो आपलाच आहे. आपल्याला चावून गेलाय तो, आणि चावलेल्याला परत चावत नाही. तूच म्हणाली होतीस थंडीत. तो इथूनच…

आत्या : हळू! आले मी, ह्याला घेऊनच. हळू बोल. टेकाडापर्यंत आवाज जातो इथून.

बहीण : इथूनच गेला तो, आत्या. माझ्या पांघरुणातून.

आत्या : माहीत आहे.

बहीण : … काय माहीत आहे?

आत्या : तुझ्या माहेरी खोकला आहे म्हणून बातमी आली, तेव्हा मी मागचे चंद्र मोजले. मला मोजता येतं. ते माझंही माहेर आहे.

भाऊ : म्हणजे तुला माहीत होतं, आणि तरी खोकल्याचं नाव करून आम्हाला तहानलेलं परत पाठवत होतीस?

आत्या : तू पाठ फिरवून बस. बसलास तसाच बस. तरी नव्हे, म्हणूनच पाठवत होते. भेटीनं माणूस मेला तर भेट देणाऱ्या चुलीनं माणूस द्यायचा. ही रीत मी इथं येऊन शिकले का? तुझ्या बापाच्याच आगीशी शिकले. मी एवढीशी होते. वरच्या लोकांनी सुकवलेलं मांस पाठवलं, आमचा एक माणूस गेला. त्यांनी आपली मुलगी आणून आमच्यात बसवली. माझ्याहून लहान होती. रोज, जिथून आली त्या दिशेला तोंड करून बसायची. मग एक दिवस बसायची थांबली. मी तिच्याशी खेळायचे, म्हणून मला ते दिसलं. बाकी कुणाला दिसलंही नाही.

बहीण : ते माझं पांघरूण होतं. मला मागतील.

आत्या : पांघरूण तुझं. ऊब कुणाची होती?

बहीण : ह्याची.

आत्या : तर ते ह्याला मागतील.

भाऊ : बाबा स्वतःचा नातू मागतील? काहीतरीच तुझं.

आत्या : का नाही मागणार? त्याच्याच आगीशी जाईल नातू, त्याला काय! बरंच वाटेल. एवढी पोरं गेली त्याची. मी भावाला ओळखते रे, तुझ्या आधीपासून. तो वाईट नाही. पण एकदा त्याला कळलं की आपलं येणं आहे, की घेतल्याशिवाय त्याला झोप लागत नाही.

भाऊ : कळणारच नाही त्यांना. मी जाळलंय ते.

आत्या : जाळताना कुणी बघितलं?

भाऊ : … मावशीनं.

आत्या : काय म्हणाली?

भाऊ : एवढं चांगलं कातडं का जाळतोस, म्हणाली.

आत्या : आणि तू काय म्हणालास?

भाऊ : काही नाही.

आत्या : काही नाही! अरे मेल्या, याहून जास्त काय सांगणार होतास? चालताना माणूस विचार करत नाही, तहानेत तर नाहीच. पण पाण्याशी चार दिवस बसू दे त्यांना. घसा ओला झाला की मावशी तुझ्या बापाला म्हणेल, पोरानं ते कातडं का जाळलं असेल हो? झालं.

भाऊ : मग आम्ही मरावं?

आत्या : मी असं म्हटलं का?

भाऊ : दुसरं काय म्हणतेयस? टेकाडाआड तुझा भाऊ जीभ दगडाला लावून बसलाय, गार लागते म्हणून. तुझ्या मैत्रिणी आहेत त्यात. ज्या उरल्यात त्या.

आत्या : मला सांगू नकोस कोण आहे. म्हणून तर मी वर बसले होते, कान लांब ठेवून. नातवाला बघू की भावाला, तूच सांग. नाही ना सांगता येत? मग गप्प बस.

बहीण : मागायच्या आधी दिलं तर?

आत्या : काय?

बहीण : मागायच्या आधीच चुलीनं माणूस दिला, तर मग मागता येत नाही. हीसुद्धा रीतच आहे ना? आणि दिलेलं माणूस कोणतं, ते देणाऱ्यानं ठरवायचं.

आत्या : तू गप्प बस.

बहीण : आहे की नाही रीत?

आत्या : आहे. पण तू गप्प बस.

भाऊ : मी तुला न्यायला आलो नाही.

बहीण : खरंच?

भाऊ : पाणी मागायला आलो मी.

बहीण : पाणी मागायला आलेला भाला ठेवून येतो. पोर बांधून कोण येतं, दादा? मावशीजवळ ठेवता आलं असतं की याला.

भाऊ : वाटलं, त्याचा आवाज कानावर पडला तर तू वळशील.

बहीण : म्हणजे न्यायलाच आलास.

भाऊ : … हो.

बहीण : मग सरळ सांगायचंस. आईला माझ्याकडून ओळखवून कशाला घेतलंस?

भाऊ : सरळ विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस.

बहीण : म्हणाले असते. तोंडावर म्हणाले असते.

आत्या : ऐका माझं, दोघंही. ते पोर इथं द्या. ही दोघांनाही पाजेल. एका अंगाला हा, दुसऱ्या अंगाला तो. मी मगज चारून हिला धष्टपुष्ट ठेवते.

बहीण : आणि बाबा देतील? त्यांच्या आगीशी उरलेलं एकुलतं तान्हं? आत्या, त्यांचं आणखी एक माणूस आपण ठेवून घ्यायचं, आणि वर म्हणायचं फिटलं?

आत्या : मी गेले असते गं. उठून आत्ता गेले असते. पण माझ्यात काय राहिलंय द्यायला? ही हाडं? मला बघून भाऊ म्हणेल, मला फसवायला पाठवलीय.

बहीण : दादा, बाबांना काय सांगशील?

भाऊ : तू सांग काय सांगू.

बहीण : खरं सांग. पांघरुणाचं सगळं सांग. आणि मग सांग, चुलीनं माणूस दिलाय, दूध असलेला दिलाय, आता मागायचं काही उरलं नाही. मावशीसमोर सांग, म्हणजे दोघांनी ऐकलेलं असेल.

भाऊ : काही दिवसांनी मी तुला परत आणून…

बहीण : दिलेलं माणूस परत आलं तर दिलेलं राहतं का? वेडा आहेस का तू? परत आले तर ह्याला मागतील. … वळते मी आता. आत्या, वळू ना?

आत्या : मला का विचारतेस?

बहीण : पाणवठा तुझा आहे.

आत्या : … वळ.

बहीण : … अगं बाई, दादा! किती वाळलास रे.

भाऊ : तू जाड झालीस.

बहीण : दे इकडे. मान धर त्याची. अशी नाही, अशी. किती हलका आहे! आत्या, याला काही वजनच नाही.

भाऊ : ओढतोय का?

बहीण : नाही. तोंड लावून नुसता पडलाय. ए सोन्या. ए. … दादा, गालाला बोट लाव त्याच्या. ओठाच्या कडेला. हळू.

भाऊ : लावलं.

बहीण : नाही ओढत.

भाऊ : उशीर झाला का?

बहीण : गप्प बस जरा. तळपाय चोळ. … थेंब पडतोय तोंडात. गिळला. … ओढलं! एकदा ओढलं. थांबला. … परत. दादा, परत ओढलं.

भाऊ : …

बहीण : तू रडू नकोस, तुझ्यात पाणी नाही.

आत्या : खालच्या डबक्याशी उतरवा सगळ्यांना. वर यायचं नाही, कपारीत तर नाहीच. आमची बाजू आम्ही वापरू, तुमची तुम्ही. पहिल्या पावसाला आपापल्या वाटेनं. तुझ्या बापाला सांग, बहिणीनं पाणी दिलंय. तोंड दाखवायला येऊ नकोस म्हणावं.

भाऊ : सांगतो.

आत्या : आणि माझा मुलगा शिकारीवरून आला की त्याला मी काय सांगू गं? बायको कुठं गेली म्हणून?

बहीण : मीच गेले म्हणून सांग. तू हाकललं नाहीस, दादानं ओढून नेलं नाही. नाहीतर तो भाला घेऊन खाली येईल.

आत्या : येईलच.

बहीण : मग त्याच्या मांडीवर ह्याला झोपव. मांडीवर झोपलेलं पोर खाली ठेवून उठत नाही तो. … ह्याला मांस तू चावून दे, आत्या. त्याची मागची दाढ यायचीय, रात्री हात तोंडात घालतो. आणि झोपताना त्याला कान लागतो धरायला. ओढतो जोरात, ओढू दे.

आत्या : जवळ आणू का? झोपलेलाच आहे.

बहीण : नको.

आत्या : डोळे मिटलेत त्याचे.

बहीण : नको, आत्या. मी निघते. तिथंच थांब तू.

आत्या : अगं, ऐक.

बहीण : काय?

आत्या : संध्याकाळी वारा खालून वर येतो. पलीकडच्या खडकामागे बस. दुधाचा वास आला तर हा झोपायचा नाही.